पडद्यावरचे शवविच्छेदन : कुतूहल, किळस आणि संमती

२० नोव्हेंबर २००२ च्या संध्याकाळी पूर्व लंडनमधील 'ट्रुमन ब्रुअरी' या जुन्या मद्यनिर्मिती कारखान्याच्या वास्तूत सुमारे पाचशे माणसे तिकीट काढून बसली होती. त्यांच्यापुढे टेबलावर ७२ वर्षे वयाच्या एका जर्मन पुरुषाचा मृतदेह ठेवलेला होता. डोक्यावर काळी हॅट घातलेले प्रा. गुंथर फॉन हागेन्स हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ त्या देहाची सर्वांसमक्ष चिरफाड करणार होते. प्रेक्षकांत लंडनच्या महानगर पोलिसांचे अधिकारीही होते. हा कार्यक्रम केल्यास तो १९८४ च्या 'अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट'नुसार गुन्हा ठरेल, असे लेखी पत्र सरकारच्या शरीररचना निरीक्षकांनी प्रा. हागेन्स यांना आधीच धाडले होते. पोलिसांनी सगळे पाहिले, पण हस्तक्षेप केला नाही. ब्रिटनमध्ये १७० वर्षांत प्रथमच जाहीर शवविच्छेदन पार पडले आणि त्याच रात्री उशिरा 'चॅनल फोर' या वाहिनीने त्याचे संपादित चित्रण घराघरांत पोहोचवले.

दहा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. नियामक संस्थांकडे १३० हून अधिक तक्रारी आल्या.  'इंडिपेंडंट टेलिव्हिजन कमिशन' या तत्कालीन नियामक संस्थेने मात्र कार्यक्रम सनसनाटी नव्हता आणि त्यात प्रक्षेपणाच्या नियमांचा भंग झालेला नाही, असा निर्वाळा दिला. लाखो प्रेक्षक आणि शे-सव्वाशे तक्रारी हे प्रमाण पाहिले, तर एवढा गहजब कशासाठी झाला, असे कोणालाही वाटेल. पण तक्रार करणाऱ्यांची संख्या आणि अस्वस्थ झालेल्यांची संख्या एक नसते. शिवाय ज्यांनी कार्यक्रम पाहिलाच नाही, त्यांचाही या वादात मोठा वाटा होता. मानवी देह पडद्यावर उघडून दाखवावा का, कोणी दाखवावा आणि तो देह कोणाचा असावा, हे प्रश्न त्या रात्रीपासून ब्रिटनमध्ये आणि इतरत्रही पुन्हा पुन्हा उपस्थित होत राहिले आहेत.

दोन वेगळ्या गोष्टी

या वादात सुरुवातीपासून दोन संज्ञांची गल्लत होत आली आहे. मराठीतही आपण दोन्हींना सरसकट 'शवविच्छेदन'च म्हणतो. एक म्हणजे मृत्यूचे कारण शोधण्यासाठी केले जाणारे पोस्टमॉर्टेम. ते काही तासांत उरकते, त्यात छाती, पोट आणि कवटी उघडून अवयव तपासले जातात आणि शेवटी देह शिवून नातेवाइकांच्या ताब्यात देतात. दुसरे म्हणजे शरीररचना शिकण्यासाठी केले जाणारे डिसेक्शन. वैद्यकीय महाविद्यालयात रसायनांनी टिकवलेल्या देहावर विद्यार्थी काही महिने काम करतात. त्वचा, स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू असा एकेक थर सोडवत जातात. पहिल्यात प्रश्न 'हा माणूस कशाने गेला?' असा असतो, तर दुसऱ्यात 'माणूस घडलेला कसा असतो?' असा. पहिल्याशी पोलीस, न्यायालय आणि रुग्णालय जोडलेले आहे. दुसऱ्याशी केवळ शिक्षण.

लंडनच्या कार्यक्रमात या दोहोंची सरमिसळ होती. देह फॉर्मेलिनने टिकवलेला होता, म्हणजे शरीररचनेच्या वर्गातल्यासारखा. पण चिरफाड मात्र पोस्टमॉर्टेमच्या पद्धतीने झाली. दोन्ही खांद्यांपासून छातीच्या मध्यापर्यंत आणि तेथून खाली ओटीपोटापर्यंत छेद, मग बरगड्यांचा पिंजरा दूर करून अवयव बाहेर काढणे, शेवटी करवतीने कवटी उघडून मेंदू. मृत व्यक्ती हयातीत अतिमद्यपी होती, हे प्रेक्षकांना सांगण्यात आले होते. हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन मृत्यू आला, असा निष्कर्ष प्रा. हागेन्स यांनी काढला. कायद्याचा पेचही याच सरमिसळीतून निर्माण झाला. शरीररचनेच्या अभ्यासासाठी देह उघडायचा, तर व्यक्तीकडे आणि जागेकडे परवाना हवा. तो दोहोंकडेही नव्हता. पुढे या प्रकरणात खटला मात्र उभा राहिला नाही.

प्रा. हागेन्स यांचे नाव तोपर्यंत युरोपात सर्वतोमुखी झालेले होते. हायडलबर्ग विद्यापीठात असताना १९७७ मध्ये त्यांनी 'प्लॅस्टिनेशन' ही प्रक्रिया शोधून काढली. देहातील पाणी आणि चरबी अ‍ॅसिटोनच्या साहाय्याने काढून टाकायची आणि निर्वात टाकीत त्या जागी सिलिकॉनसारखे बहुलक भरायचे, असे तिचे थोडक्यात स्वरूप. असा देह कुजत नाही, त्याला वास येत नाही आणि तो हव्या त्या पवित्र्यात उभा करता येतो. १९९५ मध्ये जपानमध्ये अशा देहांचे पहिले प्रदर्शन भरले. पुढे 'बॉडी वर्ल्ड्स' या नावाने ते देशोदेशी फिरले. लंडनमध्येही २००२ च्या वसंतापासून ते त्याच ट्रुमन ब्रुअरीत सुरू होते. हा माणूस मूळचा पूर्व जर्मनीचा. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत फौजा घुसल्या, त्याच्या निषेधात तो सामील झाला, देशाबाहेर पळून जाण्याच्या प्रयत्नात पकडला गेला आणि त्याने सुमारे दोन वर्षे तुरुंगात काढली. पश्चिम जर्मनीने पैसे मोजून त्याची सुटका करून घेतली. 'शरीररचनाशास्त्राचे लोकशाहीकरण' हा शब्दप्रयोग ते वारंवार करतात, त्यामागे हा पूर्वेतिहासही असावा. त्याच वेळी नाट्यमयतेचा सोस आणि प्रसिद्धीची हौस त्यांनी कधी लपवली नाही, हेही खरे.

जाहीर विच्छेदनाचा जुना इतिहास

लंडनच्या त्या कार्यक्रमात टेबलाजवळ रेम्ब्रांटच्या 'डॉ. निकोलास टल्प यांचा शरीररचनेचा पाठ' या १६३२ मधील चित्राची प्रत ठेवली होती. मूळ चित्र हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. त्यात आठ जण एका देहाभोवती दाटीने जमले आहेत, हॅट फक्त डॉ. टल्प यांच्या डोक्यावर आहे आणि टेबलावरचा देह दरोड्याबद्दल फाशी गेलेल्या गुन्हेगाराचा आहे. प्रा. हागेन्स यांची हॅट या परंपरेशीच नाते सांगते. त्या काळी युरोपात जाहीर विच्छेदन ही सणासुदीची गोष्ट होती. इटलीतील पादुआ विद्यापीठात १५९४ मध्ये त्यासाठी खास लंबवर्तुळाकार नाट्यगृह बांधले गेले, ते आजही पाहायला मिळते. बोलोन्यात कार्निव्हलच्या दिवसांत विच्छेदन चाले आणि मुखवटे घातलेली नागर मंडळी ते पाहायला येत. थंडीचे दिवस निवडण्यामागे देह लवकर कुजू नये हा व्यावहारिक विचार होता.

इंग्लंडमध्ये मात्र विच्छेदनाचा संबंध शिक्षेशी जोडला गेला आणि त्याची छाया आजपर्यंत पुसली गेलेली नाही. १७५२ च्या कायद्याने खुनाबद्दल फाशी झालेल्यांचे देह विच्छेदनासाठी शल्यवैद्यांकडे देण्याची तरतूद केली. मरणानंतरही अपमान व्हावा, हा त्यामागचा उघड हेतू होता. वैद्यकीय शाळा वाढल्या तसे देह अपुरे पडू लागले आणि थडगी उकरून प्रेते विकण्याचा धंदा फोफावला. १८२८ मध्ये एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी त्याही पुढची पायरी गाठली. एका शरीररचना शिक्षकाला देह विकण्यासाठी त्यांनी १६ जणांचे खून पाडले. हेअर माफीचा साक्षीदार झाला. बर्कला जानेवारी १८२९ मध्ये फाशी झाली आणि त्याच्या देहाचे जाहीर विच्छेदन करण्यात आले. त्याचा सांगाडा अजूनही एडिंबरो विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

या प्रकरणानंतर १८३२ चा कायदा आला. त्याने फाशीचे देह थांबवले. पण त्यांच्या जागी गरीब-आश्रमांत आणि रुग्णालयांत मरण पावलेल्या बेवारस माणसांचे देह शाळांना मिळू लागले. कालपर्यंत खुन्याला मिळणारी शिक्षा आता गरिबीला मिळू लागली, असा याचा अर्थ सामान्य लोकांनी लावला आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. इतिहासकार रूथ रिचर्डसन यांनी 'डेथ, डिसेक्शन अँड द डेस्टिट्यूट' या १९८७ मधील ग्रंथात हा सारा इतिहास सविस्तर मांडला आहे. त्याच कायद्याच्या तोंडावर, जून १८३२ मध्ये, जेरेमी बेंथम या तत्त्वज्ञाचा मृत्यू झाला. आपल्या देहाचे विच्छेदन करून तो विद्येच्या कामी लावावा, असे त्याने लिहून ठेवले होते. त्याचे स्नेही डॉ. साउथवुड स्मिथ यांनी निमंत्रितांसमोर ते पार पाडले. बाहेर त्या वेळी वादळी पाऊस चालू होता. बेंथमचा सांगाडा त्याच्याच कपड्यांत सजवून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ठेवलेला आहे. सन्मानित माणसाने स्वतःहून देह दिला, तर विच्छेदनाचा कलंक धुतला जाईल, ही त्याची अपेक्षा होती. ती पूर्ण व्हायला फार काळ लागला.

सर्वांत तीव्र विरोध डॉक्टरांचा

२००२ च्या कार्यक्रमावरील प्रतिक्रियांत एक गोष्ट नजरेत भरण्याजोगी होती. सामान्य प्रेक्षकांपेक्षा वैद्यकीय व्यवसायातील धुरीणांची टीका अधिक धारदार होती. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या नीतिविषयक समितीच्या धुरीणांना हा प्रकार शिक्षणापेक्षा करमणुकीच्या अंगाने जाणारा आणि मृताची अप्रतिष्ठा करणारा वाटला. जे लोक हे काम रोज करतात, त्यांनाच ते दाखवण्याची लाज का वाटावी, असा उलट सवाल प्रा. हागेन्स यांच्या समर्थकांनी केला.

टीकाकारांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. वैद्यकीय महाविद्यालयात देहाभोवती एक अलिखित शिस्त असते. चेहरा बहुधा झाकलेला असतो, मृताचे नाव सांगितले जात नाही, मोठ्याने हसण्यावर, छायाचित्रे काढण्यावर बंदी असते. ही शिस्त तिकीटबारी लावलेल्या सभागृहात कशी टिकणार? शिवाय पडद्यावर चिरफाड पाहून घाबरलेली कुटुंबे रुग्णालयातील पोस्टमॉर्टेमला संमती नाकारतील आणि आधीच घटत चाललेल्या या तपासण्या आणखी कमी होतील, अशी भीती व्यक्त केली जात होती.

या भीतीला ताजा संदर्भ होता. लिव्हरपूलच्या 'ऑल्डर हे' या बालरुग्णालयात पोस्टमॉर्टेमच्या वेळी शेकडो बालकांचे अवयव आई-वडिलांना न सांगता काढून ठेवल्याचे १९९९ मध्ये उघड झाले होते. जानेवारी २००१ मध्ये चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा सारा देश हादरला. मुलाचे दफन केल्यावर वर्षांनी 'त्याचे हृदय आमच्याकडे आहे' असे कळलेल्या पालकांना दुसऱ्यांदा, काहींना तिसऱ्यांदा अंत्यविधी करावे लागले. या जखमा ओल्या असताना कोणी तिकीट लावून शवविच्छेदन करावे, हे अनेकांना क्रूर वाटले.

मात्र हाच दाखला विरुद्ध बाजूनेही देता येत होता आणि तो अधिक वजनदार आहे. ऑल्डर हे येथे विश्वासघात झाला तो बंद दाराआड. पालकांनी संमतीपत्रावर सही केली, तेव्हा पोस्टमॉर्टेम म्हणजे नेमके काय करतात, हे त्यांना ठाऊकच नव्हते. 'ऊतींचे नमुने' या शब्दांत संपूर्ण हृदय किंवा मेंदू येऊ शकतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. जी प्रक्रिया कधी दिसतच नाही, तिला दिलेली संमती कितपत खरी, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा नव्हता.

नेहमीचे खोटे आणि क्वचितचे खरे

वास्तविक पडद्यावरचे शव ब्रिटिश किंवा अमेरिकी प्रेक्षकांना नवे नव्हते. 'सायलेंट विटनेस' ही न्यायवैद्यक तज्ज्ञांवरची मालिका बीबीसीवर १९९६ पासून चालू होती. अमेरिकेत 'सीएसआय'चा जम २००० पासून बसला होता. भारतातील घरांतही अशा मालिका पाहिल्या जात. त्यांत शवागार असे, टेबलावर निळसर उजेडात पडलेला सुंदर देह असे, आणि डॉक्टर सहज एखादा महत्त्वाचा दुवा सांगून जात. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. १९९५ मध्ये तर परग्रहवासीयाच्या तथाकथित शवविच्छेदनाची फीत जगभरच्या वाहिन्यांनी दाखवली आणि लोकांनी ती चवीने पाहिली. ती बनवलेली होती, अशी कबुली पुढे २००६ मध्ये तिच्या निर्मात्याने दिली. म्हणजे आक्षेप दृश्याला नव्हता. समोरचा देह खरा आहे, तो कालपर्यंत कोणाचा तरी वडील, भाऊ, शेजारी होता, या जाणिवेला होता.

टीव्हीचा आणखी एक गुण या प्रतिक्रियांत मिसळलेला असतो. विच्छेदनाच्या खोलीत नवख्या विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो नाकाला. फॉर्मेलिनचा तिखट वास डोळ्यांत पाणी आणतो आणि कपड्यांना दिवसभर चिकटून राहतो. पडद्यावर तो नसतो, थंडगार लादी नसते, देहाचे वजनही जाणवत नाही. त्याऐवजी कॅमेरा अवयवाच्या इतका जवळ जातो, की सभागृहातील पाचशे जणांपैकी कोणालाही तसे दिसले नसते. एका परीने घरच्या प्रेक्षकाला कमी मिळते, दुसऱ्या परीने जास्त. आणि ते सारे जेवणघरालगतच्या खोलीत, नको वाटल्यास बटण दाबून बंद करता येते. ज्याला आवडले नाही त्याने पाहू नये, हा युक्तिवाद इथून येतो. ज्याचा देह आहे त्याला मात्र बटण नसते, हे त्यावरचे उत्तर.

चॅनल फोरने हा विषय सोडला नाही. जानेवारी २००५ मध्ये 'अ‍ॅनाटॉमी फॉर बिगिनर्स' ही चार भागांची मालिका रात्री उशिरा दाखवण्यात आली. हालचाल, रक्ताभिसरण, पचन आणि प्रजनन असे तिचे चार पाठ होते. प्रा. हागेन्स यांच्या जोडीला प्रा. जॉन ली हे ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ निवेदक म्हणून होते. एकीकडे मृतदेहावर विच्छेदन चाले, दुसरीकडे जिवंत व्यक्तीच्या अंगावर रंगाने तेच अवयव रेखाटून ते कुठे असतात, हे दाखवले जाई. २००६ मध्ये 'ऑटॉप्सी : लाइफ अँड डेथ' आणि २००७ मध्ये अपघाती दुखापतींवरील 'ऑटॉप्सी : इमर्जन्सी रूम' या मालिका आल्या. २००२ च्या तुलनेत या मालिकांभोवतीचे काहूर बरेच कमी होते. एक तर हे देह स्वेच्छेने दान केलेले होते आणि ते प्रेक्षकांना स्पष्ट सांगितले जाई. दुसरे म्हणजे ली यांच्यासारख्या शांत, कोरड्या निवेदकामुळे प्रा. हागेन्स यांच्या अभिनिवेशाला आवर बसला. या मालिका पाहून वैद्यकाकडे वळलो, असे सांगणारे डॉक्टर आणि परिचारिका भेटल्या तर आश्चर्य वाटू नये. शिकवणे हा त्यांचा दावा पोकळ नव्हता.

समाजशास्त्रज्ञ टोनी वॉल्टर यांनी 'बॉडी वर्ल्ड्स' पाहायला आलेल्या लोकांच्या प्रतिक्रियांचा अभ्यास केला होता. तज्ज्ञ भाकीत करत होते तशी घृणा त्यांना फारशी आढळली नाही. बहुतेक लोक डॉक्टरसारख्या अलिप्त कुतूहलाने पाहत आणि मग आपल्याच शरीराबद्दल थक्क होऊन बाहेर पडत. अर्थात हे प्लॅस्टिकने भरलेल्या, न ओघळणाऱ्या, न कुजणाऱ्या देहांबद्दल होते. ओल्या देहाबद्दल तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

२०१४ मध्ये 'बीबीसी फोर'वर हात आणि पाय यांच्या विच्छेदनाचे दोन कार्यक्रम झाले. त्यांबद्दल फारशी खळबळ झाली नाही. त्याआधी २००९ पासून 'इनसाइड नेचर्स जायंट्स' या मालिकेत हत्ती, देवमासा यांच्यासारख्या महाकाय प्राण्यांची चिरफाड दाखवली गेली. तिचे कौतुक झाले, बाफ्टा पुरस्कारही मिळाला. सुटा हात हा हातच असतो. त्याला नाव, चेहरा, भूतकाळ नसतो. माणसे दचकतात ती चेहऱ्यापाशी.

कायदा बदलला, प्रश्न उरले

ऑल्डर हे प्रकरणाचा परिणाम म्हणून ब्रिटनमध्ये 'ह्यूमन टिश्यू अ‍ॅक्ट २००४' संमत झाला आणि इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडसाठी त्याच्या अंमलबजावणीला स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यात आले. संमती हा या कायद्याचा पाया आहे. त्यातील एक तरतूद विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. शरीररचनेच्या अभ्यासासाठी किंवा जाहीर प्रदर्शनासाठी देह द्यायचा असेल, तर त्या व्यक्तीने स्वतः हयातीत, साक्षीदारासमक्ष लेखी संमती दिलेली असली पाहिजे. तिच्या पश्चात पत्नी, मुलगा किंवा आई-वडील ही संमती देऊ शकत नाहीत. शंभर वर्षांहून जुन्या अवशेषांना कायद्याचे हे बंधन नाही. पण लोकमत तिथेही बदलले. अठराव्या शतकातील 'आयरिश राक्षस' चार्ल्स बर्न याने आपला देह समुद्रात सोडावा अशी इच्छा सांगितली होती. तरीही जॉन हंटर या शल्यवैद्याने तो मिळवला आणि सांगाडा दोन शतके प्रदर्शनात राहिला. लंडनचे हंटेरियन संग्रहालय २०२३ मध्ये नूतनीकरणानंतर उघडले तेव्हा तो सांगाडा दालनात नव्हता.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. 'मृत्यूनंतरही मानवी देहाचा आदर संपत नाही' या आशयाची तरतूद तेथील नागरी संहितेत २००८ च्या अखेरीस आली आणि तिच्या आधारे एप्रिल २००९ मध्ये न्यायालयाने पॅरिसमधील देहांचे एक प्रदर्शन बंद करायला लावले. वरच्या न्यायालयांनीही ती बंदी कायम ठेवली.

संमतीचा प्रश्न किती नाजूक असतो, हे अमेरिकेतील एका घटनेने दाखवून दिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये पोर्टलंड शहरातील एका हॉटेलच्या दालनात जाहीर विच्छेदन झाले. तिकिटाचे दर पाचशे डॉलरपर्यंत होते. देह होता दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या ९८ वर्षांच्या एका माजी सैनिकाचा. त्यांचे निधन कोरोनाने झाले होते. देह वैद्यकीय संशोधनासाठी जाईल, या समजुतीने कुटुंबाने तो दिला होता. प्रत्यक्षात काय झाले हे त्यांच्या पत्नीला कळले ते एका टीव्ही वाहिनीच्या बातमीदाराकडून. तेथील पोलिसांना यात फौजदारी गुन्हा आढळला नाही. प्रत्यारोपणाव्यतिरिक्त कारणांसाठी दिलेल्या देहांच्या व्यवहारावर अमेरिकेत संघराज्य पातळीवर फारसे नियंत्रण नाही. बेवारस माणसाचा देह नेणारे १८३२ चे इंग्लंड आणि दात्याच्या घरच्यांना अंधारात ठेवणारे २०२१ चे पोर्टलंड यांत फरक आहे. पण तो वाटतो तितका मोठा नाही.

याच्या अगदी उलट टोकाला आहे तो चॅनल फोरनेच डिसेंबर २०२२ मध्ये दाखवलेला 'माय डेड बॉडी' हा माहितीपट. अश्रुग्रंथीच्या दुर्मीळ कर्करोगाने २०२० मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी मरण पावलेल्या एका तरुण आईने आपला देह केवळ विद्यार्थ्यांसाठीच नव्हे, तर जाहीर प्रदर्शनासाठीही देत असल्याचे लिहून ठेवले होते. ब्रायटन अँड ससेक्स मेडिकल स्कूलमध्ये प्रा. क्लेअर स्मिथ यांच्या मार्गदर्शनाखाली विच्छेदन झाले. कर्करोग शरीरात कसा पसरत गेला, हे विद्यार्थ्यांनी आणि नंतर प्रेक्षकांनी पाहिले. त्याच्या जोडीला तिची पत्रे आणि दैनंदिनी, संगणकाच्या साहाय्याने पुन्हा निर्माण केलेल्या तिच्याच आवाजात ऐकवली गेली. शतकानुशतके टेबलावरचा देह निनावी ठेवण्याची रीत होती. इथे नाव, चेहरा, मुले, घर सारे समोर होते. वीस वर्षांपूर्वी उसळलेला संताप या वेळी दिसला नाही. बहुतेकांनी हा माहितीपट डोळे पुसत पाहिला. कृत्रिम आवाजाबद्दल काहींना खटकले, ते स्वाभाविकही आहे. मृताच्या तोंडी शब्द घालण्याचे तंत्र हाती आल्यावर ते प्रत्येक वेळी इतक्याच जपून वापरले जाईल, याची हमी कोण देणार?

आपल्याकडे

भारतात देह उघडून पाहण्याची परंपरा जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्याची कृतीच दिलेली आहे. विषबाधेने किंवा दीर्घ आजाराने न मेलेला, सर्व अवयव शाबूत असलेला देह गवताने गुंडाळून पिंजऱ्यात घालावा, वाहत्या पाण्यात आडबाजूला सात रात्री ठेवावा आणि मग वाळा, केस किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासून एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असे ती सांगते. मधल्या काळात ही प्रथा लोपली. १८३६ मध्ये कोलकात्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी पाश्चात्त्य पद्धतीने विच्छेदन केले, तेव्हा फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी दिली गेल्याचे सांगतात. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि मराठी मुलेही या टेबलापाशी उभी राहू लागली.

देह मिळवण्याची व्यवस्था मात्र इंग्लंडच्या वळणावर गेली. १९४९ च्या मुंबई शरीररचना कायद्याने बेवारस देह वैद्यकीय संस्थांना देण्याची सोय केली, म्हणजे इथेही प्रथम टेबलावर आला तो ज्याचे कोणी नाही असा माणूस. देहदानाच्या चळवळीने हे चित्र हळूहळू बदलत आणले. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीत जन्मलेले नानाजी देशमुख यांचे फेब्रुवारी २०१० मध्ये चित्रकूटला निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार देह दिल्लीच्या एम्सकडे सुपूर्द करण्यात आला. त्याच्या महिनाभर आधी ज्योती बसू यांचा देह कोलकात्यातील रुग्णालयाला देण्यात आला होता. राजकारणाच्या दोन टोकांवरच्या या दोघांचे देह एकाच कामी आले. अशा दानाच्या बातम्या आपल्याकडे ठळकपणे छापल्या जातात. त्या देहाचे पुढे काय केले जाते, हे मात्र वाचकाला क्वचितच सांगितले जाते.

प्रा. हागेन्स यांनी पुढे आपल्याला कंपवात झाल्याचे जाहीर केले. बर्लिनमध्ये अलेक्झांडरप्लाट्झजवळ २०१५ मध्ये त्यांच्या देहांचे कायमस्वरूपी संग्रहालय सुरू झाले. आपल्या मृत्यूनंतर पत्नी अँगेलिना व्हॅली यांनी, ज्या स्वतः डॉक्टर आहेत, आपलाही देह प्लॅस्टिनेशनने टिकवावा आणि तो येणाऱ्यांचे स्वागत करत उभा ठेवावा, अशी इच्छा त्यांनी सांगून ठेवली आहे.